डाव्या दाराचा दिवा

दसऱ्याला बायको पुण्याहून येणार म्हणून मी गाडी पाइप लावून इतकी धुतली, की डाव्या दाराच्या बटणात पाणी शिरलं. ती आली नाही. नातवाला ताप होता. मग गाडीची पूजा मी एकट्यानेच केली. चाकाखाली लिंबं ठेवली, गाडीत बसून ती चिरडली आणि टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं म्हणून उतरलो.

तेव्हापासून दार उघडं असल्याचा तांबडा दिवा मंद जळत राहिला. दार घट्ट लागलेलं असलं, तरी. बायकोची सवयच तशी: दार हळूच ओढायचं, दिवा बघायचा, मग आपटायचं. आता सोनईच्या चौकात मी उतरून रिकाम्या बाजूचं दार आपटू लागलो.

"गुरुजी, काकू बसल्या का?" पानवाला म्हणाला.

दिवाळीला ती येईल, त्याआधी हा दिवा विझायलाच हवा, असं मी ठरवलं.

शेवगावात एका पत्र्याच्या शेडवर 'अत्याधुनिक वाहन निदान केंद्र' अशी पाटी आहे. आत एक स्टूल आणि एक वायरमन.

"बल्ब कुनी बदलला?"

"मीच. दसऱ्याआधी एलईडी टाकला."

"तितंच चुकलं. बटनात ओल हाय, वाईच करंट झिरपतो. जुना बल्ब तेवढ्याला उठत नव्हता. ह्यो लई हलक्या झोपेचा."

"माझ्यासारखाच."

"मंग काकूंना बोलवा की!"

त्यानं दिव्याच्या दोन तारांमध्ये एक बारीक रेझिस्टर जोडला. "झिरपलेला करंट ह्याच्यातनं जाईल. दार खरंच उघडलं, तरच दिवा पेटंल."

"नुसतं बटण सुकवलं तर?"

"पुढच्या दसऱ्याला तुमी परत धुनारच."

परतताना दिवा विझलेला होता. मी सारखा तिकडेच बघत होतो.

घरी पोचलो, तोच तिचा फोन. "अहो, दिवाळीचं काही खरं नाही. सूनबाईला रजा नाही, बाळाला कुठे ठेवणार?"

"बरं."

"तो दिवा गेला का?"

"गेला."

"बघा! नुसतं दार आपटून काही होत नाही, फोनवर सांगतच होते."

हे तिनं सांगावं!

फोन ठेवून अंगणात गेलो. दुरुस्ती तपासायला हवीच होती. डावं दार उघडलं. दिवा लख्ख पेटला. बॅटरी उतरेल हे ठाऊक होतं, तरी ऊन कलेपर्यंत मी ते दार तसंच उघडं ठेवलं.