जाऊबाईंचा सोडलेला चहा

बाळांनो,

फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, आपण कॅथलिक म्हणजे नक्की काय करतो?" इतकी वर्षं धर्मशिक्षणाचा वर्ग घेतला, त्यामुळे उत्तर क्रमाने द्यायचं ठरवलं होतं: आधी श्रद्धा, मग संस्कार, मग आचरण. पण आचरण म्हटलं की माझ्या थोरल्या जाऊबाई डोळ्यांसमोर येतात. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत आपला प्रायश्चित्तकाळ. या दिवसांत आवडीची एखादी गोष्ट देवासाठी सोडायची आणि सोडल्याचा गाजावाजा करायचा नाही. जाऊबाईंनी यंदा चहा सोडला. बुधवारी दुपारपर्यंत ही बातमी कोल्हारच्या बाजारात पोचली होती.

याच काळात पापनिवेदन करायचं. चर्चमागच्या लिंबाखाली फादर प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात. आपण गुडघे टेकून आपली पापं सांगायची. 'आपली' हे मुद्दाम लिहिते, कारण बहुतेक जणी शेजारणीची सांगतात. जाऊबाईंनी तर शेजारणीच्या शेळीचं सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात त्या शेळीने यांच्या वाळत घातलेल्या कुरडया खाल्ल्या, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

ऐकलेलं पाप फादर जीव गेला तरी कुणाला सांगत नाहीत. जाऊबाईंना मात्र फाटकापर्यंतही दम निघाला नाही.

"शेळी तिची, कुरडया माझ्या, आन् प्रायश्चित्त मलाच! म्हने, ईस्टरच्या आत तिच्या घरी जाऊन चहा पिऊन या." मग एकदम चेहरा खुलला. "पन चहा तर मी सोडलाय! आता देवाचं मोडू व्हय?"

ही खुशी फार टिकली नाही. प्रायश्चित्त केल्याशिवाय ईस्टरला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे उपासनेत मिळणारी पवित्र भाकर, घ्यायला त्यांचं मन धजेना. आणि सगळ्या बायका रांगेत उठल्यावर आपण एकटीने चटईवर बसून राहायचं, हेही सोसणारं नव्हतं. त्यांचं जेवण कमी झालं. जपमाळ घेऊन बसायच्या आणि मण्यांवरून बोटंच पुढे सरकायची नाहीत.

शेवटी मी म्हटलं, "अहो, रविवार या उपवासात धरत नाहीत. तो प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस. रविवारी चहा चालतो."

जाऊबाईंनी हातातली जपमाळ खाली ठेवली. "आन् हे तू आत्ता सांगतीस? माझे इतके रविवार बिनचहाचे गेले!"

ईस्टरच्या आदल्या रविवारी चर्चमध्ये आशीर्वादित झावळ्या वाटतात. त्या झावळ्यांच्या रविवारी मिस्सेची उपासना संपल्यावर जाऊबाई शेजारणीकडे निघाल्या. साक्षीला मला घेतलं. अंगणात शेळी बांधलेली होती. जाऊबाईंच्या हातातल्या आशीर्वादित झावळीकडे तिने मान लांबवली, तेव्हा जाऊबाईंनी झावळी पदराखाली घेतली.

शेजारीण हिंदू, शेतकऱ्याघरची. दोघींना दारात बघून गडबडली, पण लगेच म्हणाली, "या वैनी, बसा." आत जाऊन ताकाचे पेले घेऊन आली. "चहा टाकनार न्हाई बरं का. तुमी देवासाठी सोडलाय, समद्या गावाला म्हाईत हाय. ते मोडायचं पाप मला नको."

जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. रविवारचा नियम मला समजावून सांगता आला असता. मी शेळीकडे बघत बसले.

"चहाच टाका," जाऊबाई म्हणाल्या.

"आं?"

"चहा टाका म्हनते ना! लई दिवस झाले तुमच्या हातचा पिऊन."

शेजारीण पेले तसेच ठेवून आत गेली आणि गॅस पेटल्याचा आवाज आला. चहाबरोबर तिने तळलेल्या कुरडयांची ताटली ठेवली. "तुमच्यावानी फुलत न्हाईत आमच्या."

जाऊबाईंनी एक मोडून खाल्ली. "चिकात पानी जास्त झालंय. औंदा मला हाक मारा, मी शिजवून देते."

परतताना मी विचारलं, "झालं ना प्रायश्चित्त?"

"कसलं झालंय!" जाऊबाई म्हणाल्या. "कप अर्धाच भरला हुता तिनं. ईस्टरला परत जावं लागंल."