जुनं मेंडोलिन, नवं पॉलिश

कुणाच्याही दारात रिकाम्या हातांनी जायचं म्हटलं की हेमचंद्रांचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. हेमचंद्र म्हणजे माझे यजमान. खालच्या मजल्यावर शहरबानूकडे चहाला बोलावलं तरी हा माणूस खजुराचा डबा घेऊन निघणार. अहो, ती बाई दिवसातून दोनदा आपल्याकडे कोथिंबीर मागायला येते, तिच्याकडे कसले डबे नेता? पण नाही! "तसं बरं दिसत नाही, मनोरमा." ह्या एका वाक्यावर माझा अर्धा संसार झाला.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ते आखातात, रुवैसच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन म्हणून आले. ते तिकडे कॅम्पात, मी आणि आमची लेक ईरा शारजात रोल्ला भागातल्या फ्लॅटमध्ये. दर पंधरवड्याला गुरुवार-शुक्रवारच्या सुट्टीला बसमधून अंग आंबवून यायचे, आणि तरी हातात काहीतरी असायचंच. साधा, कष्टाळू, कुणाच्या अध्यात ना मध्यात. भांडण म्हणून करायचं झालं तर एकटीलाच करावं लागे मला, इतका गरीब माणूस.

त्यांना जगात एकाच माणसाचा धाक, आणि जीवही त्याच्यावरच. त्यांचे थोरले भाऊ, विष्णूदादा. वडील लवकर गेले, तेव्हा दादांनीच ह्यांना वाढवलं. दादा वेंगुर्ल्याला शाळामास्तर, पण पंचक्रोशीत ओळख मेंडोलिनमुळे. म्हापशाच्या एका बँडमास्तरांनी आपलं इटालियन मेंडोलिन त्यांना वाजवायला दिलं होतं. दुध्या भोपळा उभा चिरावा तसं त्याचं पाठीमागचं पोट गोल. गणपतीच्या ऑर्केस्ट्रात दादा ते छातीशी धरून बसले की ह्यांना म्हणे वाटायचं, दादा तान्ह्या बाळाला घेऊन बसलाय. बँडमास्तर वारले, घरच्यांनी वाद्य परत नेलं. नंतर कुणी सपाट पाठीचं दिलं, ते दादांना रुचलं नाही. वाजवणं सुटलं ते सुटलंच.

अठ्ठ्याण्णव साली माझ्या सासूबाई गेल्या. ह्यांचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, सही करणारा साहेब सुट्टीवर, आणि तिथला क्लार्क रोज "बुकरा, इन्शाल्ला" म्हणायचा, म्हणजे उद्या बघू. ईराची परीक्षा होती म्हणून मी शारजातच थांबले, हे एकटेच गेले. पोचले तेव्हा दहावंसुद्धा उरकलं होतं. त्यानंतर दादा ह्यांच्याशी बोलेनासे झाले. फोन केला की "बरा आहे" एवढंच, आणि रिसीव्हर वहिनींच्या हातात. आईचं शेवटचं तोंड पाहायला आला नाही म्हणून दादा रागावलेत, असं आम्ही सगळ्यांनीच धरून चाललो. हे तर मनातून खचलेच. जेवता जेवता मध्येच घास थांबायचा, आणि मला कळायचं, आता ह्यांना वेंगुर्लं दिसतंय.

पुढे एकदा फोनवर वहिनी सहज म्हणाल्या, "रेडिओवर मेंडोलिन वाजलं की ह्यांची बोटं खुर्चीच्या हातावर चालतात हो अजून." झालं! फोन ठेवला आणि हे ईराच्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. इंटरनेटवर लिलाव चालतात हे त्यांना कॅम्पातल्या एका फिलिपिनो मित्राने दाखवलं होतं. आता ह्यांना एकच वेड लागलं. दादांसाठी गोल पोटाचं जुनं इटालियन मेंडोलिन घ्यायचं, म्हणजे दादा पुन्हा बोलतील.

काय ते लिलाव, काय ती धाकधूक! इंग्लंडमधल्या कुणाच्या तरी माळ्यावरची वाद्यं तिथे फोटो काढून मांडलेली असायची. पहिलं आलं त्याची मान वाकडी. दुसऱ्याचा वरचा फळा तारांच्या ताणाने खचलेला, पोट खपाटीला गेलेल्या म्हाताऱ्यासारखा. मी म्हटलं, "अहो, आठशे दिरहम! म्हणजे दहा हजार रुपयांच्या वर! आणि हे काय, शोकेसमध्ये उभं करू?" ईराने मेंडोलिन उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाली, "बाबा, व्हाय इज इट प्रेग्नंट?" मी हसून लोटपोट. हे मात्र हसले नाहीत. दोन्ही फसल्यावर ते शिकले. विकणाऱ्याला ईमेल करून बाजूने काढलेला फोटो मागवायचे, तारा मानेपासून किती वर आहेत ते बघायचे, आतली कारागिराच्या नावाची चिठ्ठी वाचता येते का विचारायचे. दहा शब्दांचं पत्र लिहायला कंटाळणारा माणूस इंग्लंडच्या म्हाताऱ्यांना पानपानभर ईमेल धाडू लागला.

तिसऱ्याचा लिलाव एका शुक्रवारी दुपारी संपणार होता. वरणभात टेबलावर निवत होता आणि आम्ही तिघं स्क्रीनला चिकटून. लाईन इंटरनेटने अडवलेली, त्यात शहरबानूचा नवरा खैरुद्दीनभाई दार बडवतोय, "अरे, तुमचा फोन तासभर एंगेज! मंडणगडवरून माझ्या भावाला तुमच्याकडे निरोप ठेवायचाय!" कुणीतरी दुसरा चिकटला होता, आकडा वाढवत होता. हे आकड्याचे दिरहम किती होतात ते मोजत बसले, म्हणून शेवटचं बटण ईराने दाबलं. "यल्ला बाबा, इट्स युवर्स!" ती ओरडली, आणि हे खुर्चीवरून उठून चक्क नाचले. खैरुद्दीनभाईला वाटलं, आम्हाला लॉटरी लागली.

पोस्टातून आलं ते खरंच देखणं होतं. पाठीला शिसवीच्या अरुंद पट्ट्या एकीला एक जोडलेल्या, पुढे शिंपल्याचं फुलपाखरू. रंग जुन्या चहासारखा. पुढच्या फळ्यावर एका जागी पॉलिश उडून लाकूड गुळगुळीत झालं होतं. वर्षानुवर्षं कुणाची तरी करंगळी तिथे टेकत आली असणार. ह्यांनी ती जागा मला चारदा दाखवली. वाजवता येत नाही, तरी एक तार छेडली. अहाहा! तांब्याच्या घागरीवर नखाने टिचकी मारावी तसा आवाज, आणि कितीतरी वेळ घरात राहिला. ह्यांचे डोळे भरून आले. "दादाला आवडेल ना गं?" लहान मुलाने विचारावं तसं विचारलं त्यांनी.

मग मे महिन्याची सुट्टी जवळ आली, बॅगा भरायला काढल्या, आणि शहरबानू बघायला आली. "हे नेताय गावाला?" तिने तोंडावर हात ठेवला. "अवो, जुनापाना कुणी नेतं का दुबईवरून? लोक काय म्हणतील? नोकरी गेली वाटतं ह्यांची, म्हणतील!" खैरुद्दीनभाईनेही मान डोलावली. तसं तिचं काही चूक नव्हतं. आखातातून जाणारा माणूस वापरलेली वस्तू घरी देत नाही, ही इथली रीतच. लेबल न काढलेलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, करकरीत असंच न्यायचं. नाहीतर उतरलेलं उष्टं दिल्यासारखं होतं. हेमचंद्रांचा चेहरा पडला. मी म्हणत होते, असू दे हो, दादांना कळेल. पण "तसं बरं दिसत नाही" हे भूत मानगुटीवर बसलं की माझं कोण ऐकतो?

हे आणि खैरुद्दीनभाई दोघं अजमानला एका सोफेवाल्याकडे ते मेंडोलिन घेऊन गेले. परत आलं ते ओळखूच येईना. घासून, लांबी भरून, मशीनने जाड लॅकरचे हातावर हात मारलेले. नव्या गाडीसारखं चकाकत होतं. करंगळीची जागा गायब. "काय झकास! शोरूममधून आणलंय असंच वाटतं!" खैरुद्दीनभाई खूश, हे त्याहून खूश. ईरा नाक मुरडून म्हणाली, "नाउ इट लुक्स लाइक प्लास्टिक." तिला कुणी विचारलं नव्हतं. तार मात्र पुन्हा कुणी छेडली नाही. नव्या केसमध्ये घालून, वर रिबन बांधून, सामान तयार.

वेंगुर्ल्याला पोचलो तेव्हा शेजारपाजार जमलाच. दादा ओट्यावर बसले होते. किती वाळले होते! ह्यांनी वाकून नमस्कार केला आणि केस पुढे धरली. दादांनी रिबन सोडली, झाकण उघडलं, आणि तो गोल आकार दिसल्याबरोबर त्यांचा चेहरा असा उजळला की मला रडूच फुटणार होतं. त्यांनी ते उचलून छातीशी घेतलं. उजवी करंगळी आपोआप फळ्यावर टेकली. सुराला लावून त्यांनी एक तार छेडली.

ठप्प.

ओल्या पुठ्ठ्यावर चापट मारावी तसा आवाज. दादांनी दुसरी तार छेडली, तिसरी छेडली. मग वाद्य कानाशी नेऊन नखाने फळा ठोकून बघितला. "केवढ्याक घेतलंस रे हेमू?" शेजारचे काका विचारत होते. "काय चकाकता बघ, एकदम नवीन!" दादा म्हणाले, "नवीन नाही. शंभर वर्षांचं असेल. रंगवलं कुणी?"

हेमचंद्र सांगू लागले, अजमानचा सोफेवाला, लॅकर... आणि सांगता सांगताच त्यांना कळत गेलं, त्या जाड थराखाली आवाजच दबला होता. वाक्य अर्धंच सोडून ते खाली पडलेली रिबन गोळा करू लागले. लाजेने माझीही मान वर होईना. चारचौघांत नवऱ्याचा असा पालापाचोळा होताना बघणं बायकोच्या नशिबी येऊ नये. वहिनींनी प्रसंग ओळखून शेजाऱ्यांना चहाच्या निमित्ताने मागच्या दारी नेलं.

"दादा, जुनं कसं आणायचं तुझ्यासाठी?" हे कसेबसे म्हणाले. "बरं दिसलं नसतं."

 मेंडोलिन दादांनी परत केसमध्ये ठेवलं आणि केस ह्यांच्या हातात दिली. "आई गेली तेव्हाही तू असाच आलास," ते म्हणाले.

"माझा पासपोर्ट, दादा... रजाच मिळाली नाही. उशीर झाला, मला माहीत आहे..."

"उशिराचं कोण बोलतंय? तुझी नोकरी परक्याच्या हातात, ते मला कळत नाही का? मी रिक्षाचा आवाज ऐकून ह्याच ओट्यावरून धावत खाली आलो होतो. आई गेल्यापासून मी रडलो नव्हतो. म्हटलं, हेमू आला, आता दोघं मिळून रडू." दादांनी केसकडे बोट दाखवलं. "तर तुझ्या दोन्ही हातांत पिशव्या. साबण, अत्तरं, मुलांना चॉकलेटं. सुतकाच्या घरात! मी तुला धरायला हात पुढे केले, आणि तू त्यांत पिशवी दिलीस. म्हणालास, दादा, जरा हे धर."

 आयुष्यात पहिल्यांदा मला हेमचंद्रांकडे बघवेना. त्यांच्या दोन्ही हातांत ती केस होती, आणि ती कुठे ठेवायची हेच त्यांना सुचत नव्हतं.

मी पुढे झाले आणि त्यांच्या हातांतून ती काढून घेतली.