पहिला भाग परत बघा

दादा गेल्याचा निरोप शेजारच्यांच्या फोनवर आला, तेव्हा खरं सांगते, आधी मनात आलं, आता तो मला हाकलणार नाही. रडू मागाहून आलं… दादा म्हणजे माझा थोरला सख्खा भाऊ. बेलापूरला सोसायटीखालच्या गाळ्यात त्याची व्हिडिओ लायब्ररी होती, आणि ह्याचं डोकं जरा फिरलेलं आहे, असं सबंध सेक्टर प्रेमाने म्हणायचा. कारण त्याचा नियम. एखाद्या पिक्चरचा दुसरा भाग परत करायला गेलं, की पहिल्याची कॅसेट हातात मिळायची, फुकट. "आता हा परत बघा." "अहो, पाहिलाय!" "हा नाही पाहिलात."

एकदा वरच्या मजल्यावरच्या काकू तणतणत खाली आल्या. पहिल्या भागातला त्यांचा लाडका, गरीब बिचारा दीर दुसऱ्या भागात भावाचंच घर बुडवतो. "मेल्या, तुझ्या ह्या पार्ट टूने माझा पहिला नासवला की रे!" दादाने पहिली कॅसेट पुढे केली. काकू परत आल्या त्या हसतच. "अरे, तो लबाड पहिल्यापासूनच नजर चुकवतोय! मी मेली त्याला लाजाळू समजत होते." दादा इतका खूश झाला, की त्याने चहा मागवला.

मग त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. ते शेवटचं वर्ष… खांदेश्वरहून मी दर रविवारी जायचे. आत शिरून दार लावलं रे लावलं, की हा लालबुंद. डावा हात दाराकडे, तोंडातून नुसता गुरगुराट. वहिनी म्हणायची, "मनावर नका घेऊ, वन्सं." कसं नाही घेणार? मला खांद्यावर बसवून जत्रेला नेणारा माझा दादा मला घराबाहेर काढत होता. जिन्यात बसून रडायचे. तो गेल्यावर तर कहरच झाला. डोळे मिटले की तोच हात. जत्रा नाही, राखी नाही, काही म्हणता काही आठवेना. ह्या शेवटच्या भागाने माझा आधीचा सगळा भाऊ गिळला, ह्या धास्तीने झोप उडाली.

तेराव्याला साताऱ्याहून आत्या आली. तिच्या गळ्यात पडून मी हेच बोलले. तिने माझी हनुवटी वर केली. "अगं येडे, तुला म्हाईतच न्हाई व्हय? तीन वर्सांची असशील. आतनं कडी घातलीस, ती निघंना. रडून रडून निळी पडलीस. ह्यो कौलं काढून आत उतरला. त्या दिसापास्नं, पार साळंत जाईस्तोवर, तू घरात असलीस, की ह्यो कुणाला दार लावू द्यायचा न्हाई. तुझ्या आईनं मारलं तरी न्हाई."

वहिनीने कपाळावर हात मारला. "अगं बाई! मला वाटायचं, ह्यांना वारा हवाय!"

मी हसले. तेराव्याच्या घरात, तोंडाला पदर लावून, पोट दुखेस्तोवर हसले. छातीवरचा धोंडा उतरला हो! मग एकेक रविवार नव्याने आठवून पाहिला. तो चिडायचा ते दार बंद झालं म्हणून, मी आले म्हणून नव्हे. मी रडत निघाले, की जास्तच कासावीस व्हायचा. हे मी पाहिलंच नव्हतं… जत्रा परत आली, राख्या आल्या, आणि लहानपणीचा दादा आता आधीपेक्षाही जास्त माझा वाटतो.

हल्ली मी बेलापूरला गेले, की वहिनी दाराला वरवंटा लावून ठेवते. जिन्यातून जाणारेयेणारे डोकावतात, फोडणीचा वास वरपर्यंत जातो, मांजर खुशाल आत येतं. दार का उघडं, असं कुणी विचारलंच, तर वहिनी कढईवरून मान न वळवता सांगते, "ह्यांची बहीण आलीय."