दोन जावा, एक टूल होल्डर आणि परळी

व्यापाऱ्यानं बुशांची पेटी दुसऱ्यांदा परत पाठवली, तेव्हाच मी सुमनला म्हणलं, उद्या परळी.

परळीला लोक वैजनाथाला जातात. आम्ही लोखंडाचा एक तुकडा दाखवायला गेलो. पाटोद्याजवळ आमची बायांची सोसायटी आहे. पाऊस नाही, रानात काम नाही, म्हणून जुनं मशीन घेऊन आम्ही पंपाच्या बुशांना, म्हणजे आत बसणाऱ्या धातूच्या आखूड नळ्यांना, भोकं पाडतो. भोक गोल हवं, एवढीच अट. आमची भोकं वाकडी यायला लागली. आणखी एक पेटी परत आली तर काम बंद. आणि काम बंद झालं की माझी जाऊ सुमन नवऱ्याबरोबर कोयता घेऊन उसाला जाणार. मुकादम विचारून गेला होता. मशीनवर तिच्यासारखा हात आमच्यात कुणाचाच नाही, आणि ती ऊस तोडणार. मला ते बघवणार नव्हतं.

घरचे पुरुष म्हणाले, मशीन म्हातारं झालंय, भंगारात घाला. मशीन काय एसटीत बसत नाही, पण होल्डर पिशवीत बसतो. होल्डर म्हणजे मशीनच्या तोंडात बसून ड्रिल धरणारा तुकडा. मागून गाजरासारखा निमुळता. पुढं त्यात कॉलेट, म्हणजे चिरा पाडलेली लोखंडी कळी. वरचा नट आवळला की कळी मिटते आणि ड्रिल गच्च धरते. मला हे सगळं लई आवडतं.

पाटोद्याहून बीड, तिथून वडवणी, तेलगाव, सिरसाळा करत परळी. बायांना अर्धं तिकीट. बीडच्या स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकत बसू नका, सरळ आत घुसा. कंडक्टरनं आमची पिशवी सरकवली आणि कण्हलाच. "मावशी, वरवंटा घेऊन निघालाव का?" म्हणाला. मी म्हणलं, तसंच समज, तिकीट फाड. तेलगावच्या पुढं ऊस उभ्या उभ्या वाळलेला, रस्त्यानं टँकरमागं टँकर. परळी जवळ आली की झाडांची पानं राखाडी दिसतात. वीज केंद्राची राख. सुमन खिडकीतून बघत म्हणाली, एवढी राख आपल्याकडं असती तर भांड्यांना वर्षभर पुरली असती.

स्टेशनजवळ पिठलं-भाकरी खाल्ली. स्वस्त आणि गरम, ठेचा मागून घ्या. मग आप्पांचं दुकान. आप्पा म्हणजे होल्डर, कॉलेट, नट विकणारे आणि तपासून देणारे म्हातारे. स्वतःचं कौतुक स्वतःच करणारे, पण दुकान बघून मला ते पटलं. तेल लावलेले होल्डर लाकडी खाचांत उभे, एकाला एक चिकटलेला नाही. देव्हाऱ्यात देव सुद्धा एवढे नीट नसतात.

आप्पांनी आमच्या होल्डरच्या निमुळत्या भागावर निळी शाई पातळ फासली, पोलादी साच्यात बसवून जरा फिरवला आणि काढला. अंगभर टेकला तर शाई सगळीकडं पुसली जाते. आमचा एका कडेलाच टेकला होता. बाकी शाई जशीच्या तशी. म्हणजे होल्डर आत डुलत होता, म्हणून भोकं वाकडी.

"ह्याला घासता कशानं?" आप्पांनी विचारलं.

सुमन खुशीत म्हणाली, "राखेनं. पाणी कुठं हाय धुवायला? रोज घासते. आरशावानी चमकतोय की."

आप्पांनी चष्मा काढला. "बाई, हे भांडं न्हाई, जावई हाय. मऊ कापडानं पुसायचा अन् मानानं बसवायचा. घासला की रुसतो."

मी हसले. सुमन हसली नाही. दुष्काळात आमच्याकडं सगळी भांडी कोरड्या राखेनंच निघतात. जी बाई सगळ्यात स्वच्छ, तिनंच होल्डर झिजवला होता.

मग आप्पा गंभीर झाले. मशीनच्या तोंडात, जिथं हा बसतो, तिथं पण राख घातली का? तिथं झिजलं असेल तर मशीन खरंच गेलं. सुमननं खाली बघून सांगितलं, "आत हात जात न्हाई माझा. काडीला फडकं गुंडाळून नुस्तं पुसते."

"मंग वाचलाव," आप्पा म्हणाले, आणि नवा होल्डर काढून पुन्हा निळी शाई लावून दाखवली. अंगभर पुसली गेली. असं जुळून बसणं मी माणसांत पण बघितलं नाही. कॉलेट-नट जुनेच चालतील म्हणाले. विकायची संधी सोडली, हे मात्र त्यांनी दोनदा ऐकवलं.

वैजनाथाचं दर्शन घेतलं. सोमवार टाळा, बाकी दिवशी रांग छोटी असते. सुमन देवापुढं पण पिशवी छातीशी धरून उभी होती. येताना एसटीत पण ती मांडीवरून खाली ठेवली नाही.

घरी आल्यावर तिनं नवा होल्डर बसवला, जरा वाकडं फिरलं तरी काटा हलवणाऱ्या तपासायच्या घड्याळाचं टोक त्याला टेकवलं आणि हातानं फिरवलं. काटा जागचा हलला नाही. तेव्हा कुठं तिनं पदरानं तोंड पुसलं.

पेटी गेली, ती परत आली नाही. पुढचं काम आलं. जुना होल्डर सुमनच्या चुलीपाशी आहे, लसूण छान ठेचतो, आणि त्याला ती हवी तेवढी राख लावते. कंडक्टर बरोबरच बोलला होता.

गेल्या आठवड्यात मुकादम आला. सुमन मशीनवर होती. मान वर न करता तिनं त्याला उंबऱ्यातच थांबवलं. "भाऊ, भाईरच थांबा. पायाची धूळ आत येती."