सोमवारपर्यंत ठेवलेला निरोप

सोमवारी सकाळी सातला भाऊंच्या मुलीचा फोन आला. ती म्हणाली, बाबा गेले. मी विचारलं, कधी. ती म्हणाली, काल दुपारी, गावी, जेवून उठताना. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मग डबा भरला.

डबा का भरला ते मला सांगता येणार नाही. हात भरत होते. पोळ्या, वांग्याची भाजी, लोणच्याची फोड. त्या दिवशी दहा वाजता ग्रंथालयात आम्ही तिघं बसणार होतो. भाऊ, माझी सहकारी आणि मी. मी खुर्च्यासुद्धा शनिवारीच लावून ठेवल्या होत्या.

मी नागपुरातल्या एका महाविद्यालयाची ग्रंथपाल आहे. भाऊ देवघेवीच्या काउंटरवर होते. मी तिथे आले त्याच्या कितीतरी आधीपासून. मूळचे कुहीकडचे, घरची धानाची शेती, भाऊबंद अजून कसतात. माझी सहकारी, ती, पुस्तकांच्या नोंदी बघते. उमरेडच्या विणकरांच्या घरची, सासर जरीपटक्याला. एवढंच आमचं ग्रंथालय. दुपारी दीडला मागच्या टेबलावर तीन डबे उघडत आणि कुणाचा कुठला हे पाच मिनिटांत राहत नसे. भाऊ तिला म्हणत, "काय वं बाई, आज पाटवडी नाही? मंग आलीस कशाले?" ती म्हणे, "तुम्ही आंबाडी आणणं बंद करा, मी पाटवडी आणतो." तिच्याकडच्या बायका आणतो, जातो असंच बोलतात.

हे थांबलं त्याला कारण एक अलमारी होती.

काउंटरच्या खाली लाकडाची एक बुटकी अलमारी आहे. तिची किल्ली भाऊंच्या खिशात असे. आत जुन्या नोंदवह्या आहेत असं आम्ही दोघी समजत होतो. भाऊ मात्र त्यात चालती पुस्तकं ठेवत. परीक्षेच्या आधी मुलं ज्यांच्यासाठी रांग लावतात, ज्यांच्यावर कधी धूळ बसत नाही, ती. कुणी नाव घेतलं की भाऊ खाली वाकत आणि रॅकपर्यंत न जाता पुस्तक हातात देत. ते कुठून काढतात हे काउंटरच्या आड दिसत नसे. मुलांना वाटे, या माणसाला सगळं पाठ आहे. मलाही तसंच वाटे. त्या अलमारीतली मांडणी क्रमांकावर नव्हती, कोण काय मागतं यावर होती.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत साठा पडताळणी निघाली. तिने यंत्र घेऊन एकेका रॅकवरचं एकेक पुस्तक नोंदलं. भाऊ पुतण्याच्या लग्नाला गावी गेले होते आणि किल्ली त्यांच्याबरोबर गेली होती. बंद अलमारी उघडून पाहावी असं तिला सुचलं नाही, मलाही नाही. हरवलेल्या पुस्तकांची यादी तिच्या सहीने प्राचार्यांकडे गेली. ग्रंथालयातली सगळ्यात जास्त वाचली जाणारी पुस्तकंच हरवली आहेत असं ती यादी म्हणत होती. प्राचार्यांनी तिला मेमो दिला. नोंदी ठेवण्यात हयगय, असा शब्द होता.

सुट्टी संपल्यावर भाऊ परत आले. काउंटरवर पडलेली यादीची प्रत त्यांनी वाचली असावी. त्या संध्याकाळी ते उशिरापर्यंत थांबले. दुसऱ्या दिवशी ती पुस्तकं रॅकवर, आपापल्या जागी होती.

म्हणजे पुस्तकं हरवली नव्हती. म्हणजे तिला मोजता आलं नव्हतं. यादी चुकीची, आणि मेमो बरोबर.

तिने एक पुस्तक काढून त्याची कड बोटाने पुसली. धूळ नव्हती. सुट्टीभर ते रॅकवर असतं तर असती. ती ते घेऊन काउंटरवर गेली. मुलं उभी होती. ती म्हणाली, "भाऊ, हे इथं कसं आलं?"

भाऊंनी वर पाहिलं नाही. म्हणाले, "इथंच होतं. तुझ्या मशीनले दिसलं नसंन."

दोन मुलं हसली. ती पुस्तक ठेवून जागेवर येऊन बसली. त्या दिवसापासून ती दोघं एकमेकांशी बोलली नाहीत.

पुस्तकं भाऊंकडेच होती हे मला तेव्हाच कळलं होतं, ते इथे लिहायला हवं. पुरावा नव्हता, पण कळलं होतं. विभागाची प्रमुख म्हणून मी भाऊंना बाजूला घेऊन विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. भाऊ मोठे होते, मला त्यांचा संकोच होता, आणि आपोआप मिटेल असं मी स्वतःला सांगितलं. आमच्या भिंतीवर शांतता राखा अशी पाटी आहे. ती शांतता मला पुरेशी वाटली.

पुढे वर्षभर मी निरोप नेत होते. माझं टेबल दोघांच्या मध्ये आहे. भाऊ म्हणत, "मॅडम, तिले सांगा, नवीन पुस्तकं आली, चिकटवा म्हणा लेबलं." ती चार हातांवर बसलेली असे. तिला ऐकू आलेलं असे. तरी मी मान वळवून सांगत असे, आणि मग ती म्हणे, "त्यांले सांगा, दुपारपर्यंत होईल." मी पुन्हा मान वळवत असे.

सुरुवातीला मी निरोप सुधारून देत होते. भाऊ म्हणाले होते, संगणकाले का समजते पुस्तकातलं. मी तिला म्हणाले, भाऊंना ती यादी एकदा हातानेही तपासून हवी आहे. ती म्हणाली, "मॅडम, भाऊ असं बोलूच नाही शकत. खरं काय म्हणाले ते सांगा." त्यानंतर मी सुधारणं सोडलं.

डबे वेगवेगळे झाले. भाऊ काउंटरवरच खात, ती एकला, मी दीडला. भांडण नव्हतं. काम वेळेवर होत होतं. प्राचार्य एकदा येऊन गेले आणि म्हणाले, तुमचा विभाग अगदी शांत आहे.

धान निघाल्यावर भाऊ दरवर्षी गावाहून नवा तांदूळ आणत, दोघींसाठी दोन पिशव्या. त्या वर्षीही त्यांनी दोन आणल्या आणि दोन्ही माझ्या टेबलावर ठेवल्या. म्हणाले, "एक तिले द्या. कोणी दिला ते सांगू नका." मी दिली. तिने पिशवीत हात घालून मूठभर तांदूळ नाकाशी नेला आणि म्हणाली, "कुहीचा आहे." पिशवी परत करील असं मला वाटलं. तिने ती खुर्चीच्या पाठीला अडकवली आणि संध्याकाळी घरी नेली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "त्यांले सांगा, भात मोकळा होते." मी सांगितलं. भाऊंनी मान हलवली.

मग संस्थेने कर्मचाऱ्यांसाठी एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवलं, प्रतापनगरच्या एका सभागृहात. विषय होता कामाच्या जागचे मतभेद आणि निकोप संघ. सांगणारे गृहस्थ पुण्याचे होते. वाईट नव्हते. त्यांनी फळ्यावर दोन माणसं काढली आणि मध्ये तिसरा काढला. तिसऱ्यावर फुली मारली. म्हणाले, मधला माणूस भांडण जिवंत ठेवतो. ज्याचं म्हणणं आहे त्याने समोरच्याला ते स्वतः सांगावं, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी. मी वहीत ते वाक्य लिहून त्याखाली रेघ ओढली. ती वही माझ्याकडे आहे.

शेवटी त्यांनी लोकरीचा एक गुंडा आणला. आम्ही गोल उभे राहिलो. गुंडा एकमेकांकडे फेकायचा, आपल्याकडचा धागा धरून ठेवायचा. थोड्या वेळात मध्ये जाळं झालं. गृहस्थ म्हणाले, पाहा, आपण सगळे असे जोडलेले असतो. टाळ्या झाल्या. धागे सोडून सगळे चहाला गेले.

ती गेली नाही. जमिनीवर पडलेल्या त्या गुंत्याकडे पाहून माझ्याकडे न बघता म्हणाली, "एवढं सूत असं टाकून जाते का कोणी?" खाली बसली आणि टोक शोधू लागली. सूत असं पडलेलं तिच्या घरात कुणी पाहूच शकत नसावं. तिने गुंता सोडवत सोडवत लांबच लांब धागा मोकळा केला, पण तो पुन्हा पुन्हा पडून अडकत होता. तेव्हा भाऊ कप ठेवून आले. तिच्यासमोर बसले, दोन्ही हात पुढे केले. तिने एक क्षण पाहिलं आणि धागा त्यांच्या पंजांभोवती टाकला. ते हात इकडे तिकडे कलते करत होते आणि ती गुंडा करत होती. मी दारातून पाहत होते. मला वाटलं, आता बोलणं होईल.

तो गुरुवार होता. शुक्रवारी दुपारी ती जेवायला गेलेली असताना भाऊ माझ्या टेबलापाशी आले आणि उभेच राहिले. मी बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मॅडम, तिले सांगा, पुस्तकं माझ्या अलमारीत होती. मीच रॅकवर ठेवली. तिची मोजणी बरोबर होती."

मी पेन खाली ठेवलं.

"प्राचार्यांले लिहून देतो मी. तो मेमो निघाला पाहिजे. पण तिले आधी समजू द्या."

मी म्हणाले, "भाऊ, हे तुम्हीच तिला सांगा. सोमवारी दहाला आपण तिघं बसू."

"सोमवारी काहून? आता येईन ती. तुम्ही सांगून द्या नं. वर्षभर तुम्हीच तं सांगून राहिल्या."

"हा निरोप मी नाही नेणार."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि किंचित हसले. "तिथं शिकवलं वाटते हे." मग म्हणाले, "बरं. सोमवारी."

ती डबा धुऊन आली तेव्हा ते काउंटरवर परतले होते. तिने जाताना त्यांच्याकडे पाहिलं, मी ते पाहिलं. माझ्या तोंडाशी ते वाक्य होतं आणि मी ते ठेवून दिलं. मला वाटत होतं, आयुष्यात एकदा मी एक गोष्ट रीतसर करते आहे. शनिवारी तिची सुट्टी होती, भाऊ दुपारून गावी गेले.

सोमवारी महाविद्यालयाच्या गाडीने आम्ही भाऊंच्या गावी गेलो. उमरेड रोडने. ती माझ्या शेजारी बसली होती. रस्त्यात ती एकदाच बोलली. म्हणाली, "गुरुवारी हात दुखत असतील का त्यांचे? धरून होते किती वेळ." मी म्हणाले, माहीत नाही. तेव्हा सांगता आलं असतं. गाडीत आणखी चौघे होते, हे कारण मी तेव्हा धरलं. गावी सगळं बारापर्यंत आटोपलं. परत येताना माझा डबा पिशवीत तसाच होता. गाडी थांबली तेव्हा मी तो चालकाला दिला.

मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. सुतक मला नव्हतं, रजा मागण्याइतकं नातं नव्हतं. मंगळवारी मी काउंटरवर बसले. मुलं पुस्तकांची नावं घेत होती आणि मी प्रत्येक वेळी उठून रॅकपर्यंत जात होते.

तेरवी झाल्यावर भाऊंची मुलगी किल्ली घेऊन आली. म्हणाली, बाबांच्या खिशात होती, तुमचीच असेल. मुलगी गेल्यावर आम्ही दोघींनी अलमारी उघडली. आत चालती पुस्तकं पुन्हा लावलेली होती. एका कोपऱ्यात गोंदाची बाटली आणि चष्म्याचं घर. ती मांडी घालून खाली बसली आणि एकेक पुस्तक काढून पाहू लागली. मी उभी राहून सांगितलं. शुक्रवारी ते काय म्हणाले ते, त्यांच्याच शब्दांत, काहीही न सुधारता.

ती ऐकत होती. हातातलं पुस्तक तिने मिटलं.

"शुक्रवारी म्हणाले?"

"हो."

"मंग शुक्रवारीच काहून नाही सांगितलं, मॅडम?"

मी म्हणाले, "मला वाटलं, त्यांनीच सांगावं."

"ते माह्याशी बोलत नव्हते," ती म्हणाली. "म्हणून तं तुम्हाले सांगितलं."

आवाज चढलेला नव्हता. तिने पुस्तकं होती त्याच क्रमाने आत ठेवली. मी म्हणाले, मी प्राचार्यांना सगळं लिहून कळवते, मेमो मागे घ्यायला लावते. ती म्हणाली, "काय लिहाल? गेलेल्या माणसावर टाकाल? त्यांची पोरगी आताच किल्ली देऊन गेली. राहू द्या तो मेमो."

मी तिचं ऐकलं, अर्धं. भाऊंचा उल्लेख केला नाही. एवढंच लिहिलं की पडताळणीच्या वेळी ग्रंथालयात एक अलमारी बंद होती, ती उघडवून घेणं ग्रंथपाल म्हणून माझं काम होतं, मी ते केलं नाही. पुस्तकं नंतर रॅकवर आली तेव्हाही मी चौकशी केली नाही. नोंदी बरोबर होत्या. प्राचार्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, जुनं प्रकरण आहे. मेमो मागे घेतला नाही. माझं पत्र त्याच फाइलमध्ये लावायला सांगितलं.

काउंटरवर अजून नवीन माणूस आलेला नाही. ती आणि मी आळीपाळीने बसतो. एकमेकींशी सरळ बोलतो, कामापुरतं. ती मला पूर्वीसारखंच मॅडम म्हणते. तिने माझ्यावर राग धरला आहे की नाही, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही, आणि हेही मी पुन्हा तसंच करते आहे हे मला कळतं.

मध्यंतरी एका मुलाने एक पुस्तक मागितलं म्हणून मी संगणकावर शोधलं. जागेच्या रकान्यात रॅकचा क्रमांक नव्हता. तिथे तिने लिहिलं होतं, भाऊंची अलमारी. मी खाली वाकले. पुस्तक तिथे होतं.

मेमो फाइलमध्ये आहे, त्याच्याखाली माझं पत्र आहे. अलमारीची किल्ली आता काउंटरच्या आत खिळ्याला असते. मी दीडला जेवते, ती एकला.