डाव्या बाह्या

"मला गाणं नको डॉक्टर, मला माझं डोकं परत द्या," असं मास्तर एकदा म्हणाले होते.

शेजारी बसलेली बायको दचकली. कित्येक महिन्यांत नवऱ्याच्या तोंडून सलग निघालेलं ते पहिलंच वाक्य होतं.

मास्तर म्हणजे कपड्यांच्या कारखान्यातले कटिंग मास्तर. कारखाना तिच्या धाकट्या भावाचा. पण त्याच्या हातात पहिली कात्री दिली ती मास्तरांनी. मग नैराश्य आलं. भिंतीत ओल चढते तसं मुकाट्याने चढलं. औषधांनी झोप लागू लागली, जेवण जाऊ लागलं, पण डोकं काही जागेवर येईना. सदऱ्याची बटणं लावता लावता मास्तर मध्येच थांबत आणि पुढचं बटण कुठलं हे बायकोच्या तोंडाकडे पाहून शोधत.

त्याच दिवसांत कोटांची ऑर्डर आली होती. कापड एका अंगाने चकचकीत, दुसऱ्या अंगाने फिकं. मास्तरांनी कापलेल्या सगळ्या बाह्या डाव्या निघाल्या. उजवी औषधालाही नाही.

"माझं चुकलं," मास्तर म्हणाले.

भावाने त्यांची कात्री खिळ्याला अडकवली आणि त्यांना घरी पाठवलं. मशीनवरच्या पोरींनी नाव ठेवलं, डावे मास्तर.

डॉक्टरांनी औषधांच्या जोडीला दवाखान्यातलाच संगीताचा वर्ग सुचवला. बायकोला वाटलं, मंद दिवे असतील, गोड सूर असतील, माणूस रडून मोकळा होत असेल. आत गेली आणि थक्क झाली. ट्यूबलाइटचा पांढरा उजेड, लाकडी बाकं, प्रत्येकापुढे दोन छोट्या डफल्या आणि करड्या आवाजाच्या एक बाई.

"डावा हात सरळ चालू द्या. उजव्याने पाच ठोके, तिसरा मनातल्या मनात. घंटा वाजली की हात बदला. चला!"

मास्तरांनी तिसरा ठोका मोठ्याने हाणला. पुन्हा हाणला. घंटा वाजली तेव्हा दोन्ही हात हवेत राहिले.

"बाई, यांना जरा एखादं चांगलं गाणं ऐकवा ना," बायको काकुळतीला आली.

"गाणं घरी ऐका. इथं डोक्याला व्यायाम आहे. लक्षात ठेवायचं, थांबायचं, बदलायचं. रडायला सवड मिळत नाही इथं कुणाला."

बाई तीन सूर वाजवत आणि ते उलट क्रमाने मागत. लय ऐकवून पुन्हा वाजवताना एक ठोका हळूच गाळत आणि विचारत, "काय गेलं?" मास्तर हरत, घाम पुसत, पुन्हा बसत. घरी जेवणाच्या टेबलावर त्यांची बोटं चालत. "आता माझ्या डोक्याची डफली करा," बायको वैतागून म्हणे. हसू त्यांना येत नसे, तरी बोटं थांबत नसत. दुःख होतं तिथंच होतं. पण एके सकाळी तिने पाहिलं, मास्तरांनी खाली न बघता, न थांबता सगळी बटणं लावली.

म्हणून तिने भावाला गळ घातली. कापायचं टेबल परत मिळालं तरच हा माणूस टिकेल, एवढं तिला कळत होतं.

"ताई, तुझ्या शब्दाखातर बघतो," भाऊ म्हणाला. "पण पुन्हा डाव्या बाह्या निघाल्या तर मला बोल लावू नकोस."

ती स्वतः मास्तरांबरोबर कारखान्यात गेली.

"आले हो डावे मास्तर! गिऱ्हाईकं पण डावखुरी आणलीत का?" कुणीतरी खिदळलं.

कापडाचे थर लावणाऱ्या मावशींनी काम सुरू केलं. बाहीचा साचा एकच असतो. म्हणून गठ्ठा घेऊन जायचं, कापड दुमडायचं आणि तसंच पसरत परत यायचं. एक थर सुलटा, एक उलटा. मग एका कापणीत डावी आणि उजवी दोन्ही निघतात. सर्र, थाप. सर्र, थाप.

मावशींकडे पाठ करून मास्तर शेजारच्या टेबलावर साचा आखत होते. त्यांचा खडू थांबला. डाव्या हाताची बोटं टेबलावर चालू लागली.

"त्या दिवशी असं वाजलं नव्हतं," ते म्हणाले.

"कुठल्या दिवशी, भाऊजी?" दाराशी उभ्या भावाने विचारलं.

"डाव्या बाह्यांच्या. सर्र, थाप, मग रिकाम्या हाताने परत येणारी पावलं, मग कच्. पुन्हा सर्र. प्रत्येक थर कापून सुलटाच टाकला होता कुणीतरी. मी वरचा एक बघितला आणि कापत गेलो."

मशीनं एकेक करून थांबली.

"अगं बाई!" मावशींच्या हातातून कापड सुटलं. "मी तर तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला गेले होते."

"मग थर लावले कुणी?" बायकोने विचारलं.

सगळे भावाकडे बघत होते. तिला वाटलं, पायाखालची फरशी कुणीतरी अलगद ओढून घेतली. ज्याचं नाक तिने पुसलं, ज्याला हिशेब शिकवला, तो हा.

"तुला माहीत होतं?"

"ताई, गिऱ्हाईक दारात उभं होतं. मालकच चुकला म्हटलं असतं तर पुढची ऑर्डर गेली असती. आणि भाऊजी स्वतःच म्हणाले ना, माझं चुकलं?"

"अरे, तेव्हा बाहेर ऊन पडलं तरी ते माझं चुकलं म्हणत होते!" तिचा आवाज चिरकला. "वेडा म्हणवून घेतलं त्यांनी स्वतःला. माझ्याकडूनसुद्धा!"

भावाने कपाळ पुसलं. "झालं गेलं सोडा, भाऊजी. टेबल तुमचं. आजपासून."

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले, गाळलेला ठोका शोधावा तसे. चेहऱ्यावर राग नव्हता. होता तो नुसता धक्का, आरशात आपल्या जागी दुसराच कुणी दिसावा तसा. मग त्यांनी खिळ्यावरून आपली कात्री काढली, पात्यांवरची धूळ बाहीला पुसली, मावशींनी सोडलेलं कापड उचलून नीट टेबलावर ठेवलं आणि बंद मशीनांच्या मधून दाराबाहेर निघून गेले.