वसंतभावजींचा धाविक

रविवारी सकाळी डबा उघडावा तर आत तूरडाळच नाही! म्हणजे समजायचं, आमचे वसंतभावजी पक्ष्यांचे फोटो काढायला निघाले. गाडीच्या खिडकीवर डाळीची पिशवी, पिशवीवर ती भलीमोठी लेन्स, म्हणजे हात हलत नाही म्हणे. "वाळू भरा की त्यात," म्हटलं, तर म्हणाले, "वाळूला तुमच्या डाळीची सर नाही, वहिनी." मग सोमवारच्या आमटीत धूळ.

हे माझे धाकटे दीर. आम्ही बेळगावकडचे, नव्वदच्या पुढेमागे राजाजीनगरात एकत्र राहायचो. गाडी चालवायची माझ्या ह्यांनी, शेजारी भावजी, मागे जेवण सांभाळत मी. पक्षी माणसाला भितात, गाडीला नाही. म्हणून दार उघडायचं नाही, बोलायचं नाही. माझ्या बांगड्यांवरसुद्धा रुमाल बांधायला लावला होता! शहराबाहेर, हेसरघट्ट्याच्या पलीकडच्या माळावर रस्ता कसला, नुसते खड्डे. कुरकुर केली की पुढून आवाज यायचा, "स्वल्प सोसा, वहिनी."

त्या वर्षी सगळी धडपड धाविक पक्ष्यासाठी. अंगानं मातीच्या रंगाचा, डोळ्यावर पांढरी-काळी रेघ. यंदाच्या फोटोंच्या प्रदर्शनात धाविक लावणार, असं भावजी सगळ्या मित्रांना सांगून बसलेले. प्रदर्शन आठवड्यावर आलं, तरी पक्ष्याचा पत्ता नाही.

आणि मेच्या रणरणत्या उन्हात तो सापडला. अगदी गाडीजवळ! थोडा लांब जायचा, परत यायचा. मी रुमालावरून बांगड्या घट्ट धरल्या. भावजींनी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि कॅमेरा खाली घेतला.

"दादा, गाडी मागे घे. अंडी आहेत इथं."

"अरे, एकदा दाब तरी!" हे ओरडलेच.

"आपण हललो नाही तर तो बसणार नाही. उन्हात अंडी उकडतील."

"मग दाब आणि निघू!"

"दाबला की भिंतीवर लावावासा वाटणार. लावला की लोक विचारणार, कुठं काढला. पुढच्या रविवारी इथं दहा गाड्या."

"सांगू नका ना कुणाला!" मी म्हटलं.

"मला राहवतं का, वहिनी, सांगितल्याशिवाय?"

हे मात्र खरं होतं. त्यांच्या पोटात काही राहायचं नाही. तो सगळा खड्ड्यांचा रस्ता आम्ही उलटा, मागे-मागे आलो. डाळ सांडली ती वेगळीच. प्रदर्शनात भावजींच्या जागी मोकळी भिंत. मित्रांनी थट्टा केली, तर भावजी हसत उभे. घरी येऊन मी आठवडाभर तोंड वाजवलं.

पुढे त्या माळावर प्लॉटचे दगड रोवले गेले. धाविक काही पुन्हा दिसला नाही. भावजीही गेले. आता नातवंडं विचारतात, "आजी, धाविक कसा असतो गं?" फोटो असता तर दाखवला असता ना! तो नाही, म्हणून ह्या दुखऱ्या गुडघ्यांनी मला हॉलमध्ये चार पावलं तुरुतुरु धावावं लागतं, मग गप्पकन थांबायचं, वाकून जमिनीवर चोच मारायची, की पुन्हा पळायचं. पोरं म्हणतात, "आणखी एकदा!"